चकामागची अक्षता

दसरा, २००४. सकाळ. हजर: मी, माझे धाकटे दीर, मोठ्या लेथवरचे उस्ताद, छोट्या लेथवरचा पूर्णा गावचा कारागीर, आणि प्रसादाला बोलावलेले शेट, ज्यांच्या लूमच्या पुल्या आम्ही बनवायचो. गैरहजर: अक्कल. हे शेवटचं मी नंतर लिहिलं.

भिवंडीत कारखाना म्हटलं की लोकांना लूमच आठवतात. पण लूमची पुली झिजते, शाफ्ट वाकतो, गिअरचे दात तुटतात, तेव्हा मालक धावतो तो आमच्यासारख्या वर्कशॉपकडे. आमचं वर्कशॉप सासऱ्यांनी एका जुन्या लेथवर सुरू केलं. पुढे यजमानांनी वाढवलं, आणि ते गेल्यापासून मी चालवते. मी लेथवर उभी राहत नाही, पण लेथला काय हवं, कधी हवं, कोणी द्यायचं, हे सगळं माझ्याकडे असतं. धाकटे दीर वर्कशॉपमध्ये दोनदाच दिसतात: दसऱ्याला, आणि मी नसते तेव्हा. बाकीचा त्यांचा जीव वडप्याच्या जमिनीत. तिथे भात पिकायचं बंद होऊन गोदामं उभी राहिली, तेव्हापासून त्यांना लोखंडाचा वास सहन होत नाही.

पुढचं कळायला चक म्हणजे काय ते माहीत हवं. लेथवर जी वस्तू कापायची ती गरगर फिरत असते आणि हत्यार जागेवर असतं. त्या वस्तूला फिरताना धरून ठेवणारी लोखंडी मूठ म्हणजे चक. पुढून त्याला तीन जबडे, चावी फिरवली की तिन्ही एकदम आवळतात. मागून त्याला आटे असतात, आणि त्या आट्यांनी तो लेथच्या स्पिंडलवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर बसतो, बरणीवर झाकण बसतं तसा. झाकण वाकडं बसलं तर लोणच्याला बुरशी येते. चक वाकडा बसला तर तो डुलतो, आणि डुलत्या चकात धरलेलं काम कितीही जीव लावून कापलं तरी तिरकंच निघतं. स्पिंडलला एक खांदा असतो आणि चकाला मागून एक सपाट तोंड. ती दोन तोंडं एकमेकांना कोरडी, स्वच्छ, पूर्ण टेकली पाहिजेत. एवढाच नियम आहे. हा नियम पाळायला मशिनवर उभं राहावं लागत नाही. डोळे लागतात आणि एक चिंधी लागते.

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळे चक उतरतात. वर्षातून एकदा त्यांची पूर्ण सफाई करायची ती तेव्हाच. लेथच्या बेडवर, म्हणजे चकाखालच्या लोखंडी पाटावर, आधी लाकडी फळी ठेवायची, म्हणजे चक निसटला तरी बेडला टवका जाणार नाही आणि कोणाची बोटंही सापडणार नाहीत. मग चक सैल करून फळीवर घ्यायचा, जबडे काढायचे, आतला लोखंडी चुरा रॉकेलने धुवायचा, जबडे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत घालायचे. त्यांच्यावर आकडे असतात आणि क्रम चुकला तर तिघांचं तोंड एका ठिकाणी येत नाही. आटे ब्रशने साफ, मागचं तोंड कोरडं. शेवटी मागच्या भोकात स्वच्छ चिंधीचा बोळा. हा बोळा माझा. दुसऱ्या दिवशी पूजेत हळद उडते, कुंकू उडतं, अक्षता पडतात, झेंडूच्या पाकळ्या वाऱ्यावर फिरतात. त्यातलं काही आट्यांत जाऊ नये म्हणून बोळा. स्पिंडललाही मी एक पिशवी बांधते.

माझी पूजेवर श्रद्धा आहे, हे आधीच सांगते. नंतर मला नास्तिक ठरवण्याचाही प्रयत्न झाला, म्हणून सांगते. यंत्राला वर्षातून एकदा कुंकू लावावं, त्याच्यापुढे हात जोडावेत, त्या दिवशी त्याला विश्रांती द्यावी, हे मला मनापासून पटतं. पण देवाला कुंकू कपाळावर लावतात, डोळ्यांत घालत नाहीत.

आमच्या घराचा आणखी एक रिवाज आहे. पूजा झाली की घरातला कर्ता पुरुष मोठ्या लेथवर चक स्वतःच्या हाताने चढवतो. तो मुहूर्ताचा चक. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यावर जे पहिलं काम लागतं ते पुरं होईपर्यंत तो चक उतरवायचा नाही. सासरे चढवायचे, मग यजमान. यजमान गेल्यावर हा मान दिरांकडे गेला. बायकांनी चढवायचा नाही असं कोणी म्हणालं नाही, पण मला कोणी विचारलंही नाही.

सासऱ्यांना चक चढवताना मी सून म्हणून आल्यापासून पाहिलं होतं. अक्षता टाकून झाल्या, नमस्कार झाला की ते सदऱ्याच्या बाह्या वर करायचे आणि लुंगीच्या सोग्याने स्पिंडल पुसायचे. मग खांद्यावरून अंगठा फिरवायचे. मग चकाच्या मागच्या तोंडावरून अंगठा. काही लागलं तर परत पुसायचे. ते स्वतः कारागीर होते, आणि वर्षातला सगळ्यात चांगला बसलेला चक तो दसऱ्याचाच असायचा. म्हणूनच तो उतरवू नका म्हणायचे. बसलेली वस्तू कशाला हलवायची, इतका साधा अर्थ होता त्याचा. दिरांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं वारशात घेतलं. अंगठा घेतला नाही.

त्या दसऱ्याला मी शेटना चहा आणि प्रसाद देत होते. पाठ होती माझी. इतक्यात दिरांचा आवाज आला, "देवाच्या वस्तूच्या तोंडात बोळा कोंबतात का, वहिनी?" वळून पाहिलं तर माझा बोळा त्यांच्या हातात होता आणि ते त्याला हळदीचे हात पुसत होते. पिशवीसुद्धा सोडलेली. वर मूठभर अक्षता टाकून झाल्या होत्या. मी म्हटलं, भावोजी, चढवायच्या आधी पुसून घ्या. ते म्हणाले, हो हो. शेट हसले, बायकांना सगळीकडे स्वयंपाकघरच दिसतं असं काहीतरी म्हणाले. मी त्यांच्या बशीत आणखी एक पेढा ठेवला, तोंड बंद राहावं म्हणून.

दिरांनी पुसलं की नाही ते मी पाहिलं नाही, कारण त्याच वेळी काल्हेरहून फोन आला. माझी मुलगी तिथल्या नव्या बिल्डिंगीत राहायची, तिचे दिवस भरले होते आणि कळा सुरू झाल्या होत्या. मी किल्ल्या दिरांच्या हातात दिल्या आणि रिक्षा केली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. वर्कशॉपबद्दल विचारलं की दीर फोनवर म्हणायचे, सगळं मस्त चाललंय, तुम्ही नातीकडे बघा.

मी परत आले तेव्हा मोठा लेथ बंद होता. त्याच्यावर चक तसाच, लेथच्या माथ्यावर वाळलेला झेंडू. कोपऱ्यात पुल्यांचा ढीग, शेटकडून परत आलेला. आणि उस्ताद नव्हते.

छोट्या लेथवरच्या कारागिराने सांगितलं ते असं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेटच्या पुल्यांचं काम लागलं. पुलीला एका बाजूने धरून मधलं भोक करायचं, मग उलटवून बाहेरचा घेर कापायचा. दोन्ही वेळा चक सरळ फिरला तरच भोक आणि घेर यांचा मध्य एक येतो. उस्तादांनी मशिन सुरू केलं आणि लगेच बंद केलं. डुलणं मोजायचा डायल लावला. काटा एका बाजूला झुकायचा, परत यायचा, परत झुकायचा. ते दिरांना म्हणाले, "भाऊ, ये नाच रहा है. उतारना पड़ेगा."

दिरांनी खुर्ची ओढून लेथसमोर मांडली आणि म्हणाले, मुहूर्ताचा हाय, पहिलं काम व्हईपर्यंत हात लावायचा न्हाय.

उस्ताद गप्प बसणारे नव्हते. ते कधीच नव्हते. आपल्या हाताचं कौतुक ते स्वतःच इतकं करायचे की दुसऱ्याला करायला जागा उरायची नाही. चहा थंड आला तरी अर्धा तास बोलायचे. त्यांनी दुसरा रस्ता सुचवला, पुल्या दांड्यावर चढवून दोन टोकांत धरून कापू. पण त्यालाही आधी चक उतरवावा लागतो. दीर म्हणाले नाही. मग उस्ताद म्हणाले, ठीक आहे, तुमचा देव नाचतोय तर मीही त्याच्याबरोबर नाचतो, आणि प्रत्येक पुली लाकडी हातोडीने ठोकून ठोकून सरळ करायला लागले. आवळलं की परत सरकायची. दीर समोर बसून घड्याळ बघत होते, बाहेर शेटचा टेम्पो उभा होता. काही पुल्या चांगल्या निघाल्या, बऱ्याचशा नाही. उस्तादांनी वाईट पुल्या बाजूला काढून ठेवल्या. दिरांनी त्याही टेम्पोत टाकल्या.

"म्या सांगितलं भाऊंना, या पुल्या बाजूला काढलेल्या हायेत म्हनून," कारागीर म्हणाला. "तर म्हनले, तू लहान लेथवाला, लहान तोंडानं बोल."

शेटच्या कारखान्यात पुल्या लागल्या आणि पट्टे उतरायला लागले. शेटनी बोलावलं. दीर गेले, आणि तिथे, लूमवाल्यांसमोर, फिटरसमोर, मॅनेजरसमोर, म्हणाले की उस्तादांचा हात गेला आता, वय झालं, हात थरथरतो. परत येऊन उस्तादांना सांगितलं की सोमवारपासून येऊ नका.

मला काय चीड आली ती मी आजही नीट मांडू शकत नाही. चूक कोणाकडूनही होते. अक्षता कोणाच्याही हातून पडते. पण ज्या माणसाने काम सुरू करायच्या आधी तोंडावर सांगितलं की हे डुलतंय, त्याच्याच हाताला डुलता म्हणायचं? कारागिराकडे हाताशिवाय दुसरं असतं काय? त्याचं दुकान तोच, पाटीही तोच. आमच्या गल्लीत वर्कशॉपला वर्कशॉप लागून आहे, आणि शेटच्या कारखान्यात बोललेला शब्द संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या चहात पडतो. ज्याचा हात गेला असं बोललं गेलं, त्याला दुसरीकडे कोणी उभं करत नाही.

तसंच झालं होतं. मी उस्तादांच्या खोलीवर गेले तेव्हा ते दाढी करत होते आणि आरशात बघूनच माझ्याशी बोलले. दोन ठिकाणी विचारून आले होते. एका ठिकाणी मालकाने, उस्तादांनीच शिकवलेल्या माणसाने, त्यांना हात लांब करून धरायला सांगितला. बोटं स्थिर राहतात का बघायला. उस्तादांनी हात पुढे धरला, मग दुसऱ्या हाताने त्याचा चहाचा ग्लास उचलला आणि पिऊन टाकला आणि निघून आले. हे सांगताना ते हसले. मी हसले नाही. वडप्याच्या एका गोदामात खोकी मोजायचं काम मिळतंय, म्हणाले, ते घेईन. मी म्हटलं, आधी माझ्याबरोबर चला. ते म्हणाले, आधी तुम्ही चक उतरवून बघा, मग बोलवा. माझ्यासमोर उतरवला तर लोक म्हणतील मीच काही घातलं.

मी परत आले आणि दिरांना फोन केला की या, मुहूर्ताचा चक उतरतोय. ते धावतच आले. पहिलं काम पुरं झालं नाही म्हणाले. मी म्हटलं, पुरं होऊन परतही आलं, ते बघा कोपऱ्यात.

बेडवर फळी ठेवली. कारागिराने लेथ सर्वांत संथ गिअरमध्ये अडकवला, म्हणजे स्पिंडल मोकळा फिरणार नाही, जबड्यांत लाकडी दांडा धरला आणि झटका दिला. दुसऱ्या झटक्याला आटे सुटले. मग हाताने फिरवत फिरवत चक फळीवर घेतला आणि पालथा केला.

मागच्या तोंडावर हळदीचा पिवळा डाग, आणि एका कडेला तांदळाचा एक दाणा. दाणा कसला, चपटा होऊन कागदासारखा झालेला, लोखंडाला घट्ट चिकटलेला, कुंकवाने लालसर. त्याच्या समोरच्या बाजूला तोंड खांद्याला घासून चकचकीत झालं होतं, आणि दाण्याच्या दोन्ही अंगांना टेकलंच नव्हतं, तिथे अजून माझ्या आदल्या दिवशीच्या पुसण्याच्या रेघा होत्या.

दीर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "एका तांदळानं?"

मी म्हटलं, "डोळ्यात एक कुसळ गेलं तर किती दिसतं, भावोजी?"

ते म्हणाले, अक्षता आहे ती, वहिनी, देवाच्या अक्षतेने कोणाचं वाईट होतं का. मी म्हटलं, झालं ना, उस्तादांचं झालं. त्यावर ते म्हणाले की उस्तादाने मला नीट समजावून सांगायला हवं होतं. कारागिराने खाली बघत हातातला दांडा पुसायला घेतला. मी विचारलं, नाचतोय, उतरवावा लागेल, यात कुठला शब्द अवघड होता? दीर म्हणाले, हिंदीत बोलला तो. वडप्याला सगळ्या ट्रकवाल्यांशी हे दिवसभर हिंदीत भांडतात.

उस्तादांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, चकाला हात न लावता सगळ्या बाजूंनी बघितलं. मी पुसायला चिंधी उचलली तर म्हणाले, नको. दिरांकडे वळले आणि एवढंच बोलले, "जिधर बोला, उधर वापस बोलो. ये साथ में लेके जाओ."

म्हणजे चक असाच, दाण्यासकट, शेटच्या कारखान्यात न्यायचा, ज्यांच्यासमोर हात गेला म्हणून सांगितलं त्यांच्यासमोर पालथा करायचा आणि सांगायचं की हात उस्तादांचा नाही, माझा चुकला. तोपर्यंत हा चक कोणी पुसायचा नाही. या एका अटीवर ते कामावर यायला तयार झाले. दीर म्हणाले, जाईन. माझ्यासमोर म्हणाले, कारागिरासमोर म्हणाले. मी चकाचं मागचं तोंड प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वरून पोतं बांधलं आणि चक टेबलाखाली ठेवला, दाराजवळ, म्हणजे गाडीत टाकायला सोपा.

उस्ताद दुसऱ्या दिवशी आले. मोठ्या लेथवर मी दुसरा चक लावायला सांगितला. तो जुना आहे, त्याचे जबडे टोकाला झिजलेत, लहान काम नीट धरत नाही, पण बसतो सरळ. उस्तादांनी अंगठा फिरवला, माझ्याकडे बघितलं, मग मी पण अंगठा फिरवला.

दीर दिवाळीनंतर जाणार होते. दिवाळीनंतर लग्नं निघाली. मग एका गोदामाचं भूमिपूजन होतं. मग गाडीला नवी सीट कव्हरं घातली होती, त्यांना तेल लागलं असतं. मी म्हटलं टेम्पो करून देते, तर कंबर दुखत होती. मी एकदा म्हटलं की मीच घेऊन जाते आणि शेटना सांगते, तर उस्ताद पान बाजूला थुंकून म्हणाले, "आप नहीं, भाभी. जिसने बोला, वो." त्यांचं बरोबर होतं. मी सांगितलं असतं तर शेट म्हणाले असते की वहिनी जुन्या माणसाला सांभाळून घेतायत, आणि दयेचा शिक्का हात गेल्याच्या शिक्क्यावर बसला असता.

तेव्हापासून शेटचं काम येतं, पण मॅनेजर निरोप देतो की उस्तादांच्या हातचं नको, छोट्या लेथवाल्याकडून करून घ्या. छोट्या लेथवर मावत नाही ते काम उस्तादच करतात आणि कारागीर आपलं म्हणून पोचवतो. मॅनेजर मापून बघतो आणि कारागिराची पाठ थोपटतो. कारागीर परत येऊन ती थाप उस्तादांच्या पाठीवर देतो, "घ्या, तुमची हाय." दोघं हसतात. मला त्या हसण्याचाही राग येतो, कारण त्या दोघांनी आपल्यापुरती सोय लावून घेतलीय, आणि सोय झाली की दिरांना जायची गरज उरत नाही.

रिवाज मी बदलला. दसऱ्याला चक आता पूजेनंतर पुसूनच चढतो, आणि चढवतात उस्ताद. दिरांनी एकदा विचारलं, घरचा कर्ता असताना बाहेरच्याच्या हातून मुहूर्त? मी म्हटलं, तुमचा चक तयार आहे, भावोजी, दाराजवळच ठेवलाय, कधीही उचला. त्यांनी पोत्याकडे बघितलं आणि प्रसाद घेऊन गेले. गेली काही वर्षं ते त्या टेबलाला वळसा घालून चालतात.

एक चांगला चक असा पडून राहणं मला खपत नाही. म्हणून मी अधूनमधून पोतं पुढच्या बाजूने सोडते, जबडे काढते, आतला भाग रॉकेलने धुते, तेल देते, चावी फिरवून बघते, जबडे क्रमाने परत घालते. आज सकाळीही केलं. जबडे लोण्यासारखे सरकतात. आटे तेवढे राहिलेत, आणि मागचं तोंड. ते दीर जाऊन आल्यावर पुसायचं आहे.